मैत्रिणीसोबत एलएलसी काढताना

वाचकाचं पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षांपासून बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस, साखरपुडा अशा कार्यक्रमांचं डेकोरेशन करतो. स्टँड, कापडं, दिवे यांत माझे नऊ हजार डॉलर गुंतलेत. कल्पना आणि हातातली कला बहुतेक तिची. पैसे झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) माझ्या खात्यात येतात, खर्च वजा करून आम्ही अर्धे-अर्धे वाटून घेतो. गेल्या महिन्यात एका हॉलमध्ये बॅकड्रॉपचा स्टँड कलंडला. खाली खेळणारी एक छोटी मुलगी थोडक्यात वाचली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. माझे मिस्टर म्हणतात, ताबडतोब एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढ, म्हणजे घरावर काही येणार नाही. मैत्रिणीचे मिस्टर म्हणतात, डेलावेअर किंवा वायोमिंगमध्ये काढा, टॅक्स वाचतो. मैत्रीण एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, तिच्याकडे ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवाना-कार्ड आहे. तिचं नाव कंपनीत घालावं का? आणि मैत्रीत कागदपत्रं करायची म्हणजे तिला अविश्वास तर नाही ना वाटणार?

उत्तर

ताई, ती मुलगी वाचली हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही त्या घटनेकडे डोळेझाक केली नाहीत, याचंही मला मोठं समाधान वाटलं. एलएलसी जरूर काढा. पण पुढची ऑर्डर घ्यायच्या आधी जे हातात हवं, ते एलएलसीचं प्रमाणपत्र नव्हे. ती विम्याची पॉलिसी.

असं का, ते त्या स्टँडवरूनच सांगतो. समजा तो स्टँड तुम्ही स्वतः उभा केला होता, त्याच्या पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवायच्या राहिल्या होत्या आणि त्या मुलीला लागलं असतं. तिच्या आईवडिलांनी दावा केला असता तर तो कंपनीवर झाला असताच, पण तुमच्यावर व्यक्तिशःही होऊ शकला असता. आपल्या हातून झालेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपल्यालाच लागते. मध्ये एलएलसी आहे म्हणून ती सुटत नाही. तुमच्या मिस्टरांचा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कंपनीने घेतलेलं कर्ज, कंपनीने मोडलेला करार, किंवा मैत्रिणीच्या हातून झालेली चूक यांचा बोजा तुमच्या घरावर, बचतीवर येऊ नये, यासाठी एलएलसी आहे. तुमच्या स्वतःच्या चुकीसाठी आहे तो विमा.

म्हणून याच आठवड्यात एखाद्या विमा एजंटला फोन करा आणि कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी मागा, म्हणजे आपल्या कामामुळे कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारी. आपण नेमकं काय करतो ते त्याला खरंखरं सांगा: किती उंचीचे स्टँड, फुगे छताला टांगतो का, विजेचे दिवे लावतो का, शिडीवर चढतो का. इथे काही लपवलंत तर ऐन वेळी क्लेम नाकारला जाईल. बरेच हॉलवाले दहा लाख डॉलरच्या मर्यादेची पॉलिसी आणि तिचं सर्टिफिकेट मागतात, त्यावर हॉलचं नावही घालून मागतात. ते एजंटच करून देतो. दोन गोष्टी आणखी विचारा. सामान नेता ती घरची गाडी धंद्यासाठी वापरली तर तिचा विमा चालतो का? आणि गॅरेजमधलं नऊ हजारांचं सामान घराच्या पॉलिसीत धरलं जातं का? घरच्या पॉलिसीत धंद्याच्या सामानाला फार थोडं संरक्षण असतं, धंद्यातून आलेल्या दाव्याला तर बहुधा काहीच नसतं. आणि ज्या हॉलमध्ये पुढचं काम आहे तिथे स्टँडच्या पायाशी वजन आलंच पाहिजे. कागद कुठलाही असो, मुलं खेळणारच आहेत.

आता एलएलसी का, ते. तुम्हाला वाटत असेल की सध्या आपण काहीच नाही, दोघी हौसेने काम करतो. कायद्याच्या दृष्टीने तसं नाही. दोन माणसं मिळून नफ्यासाठी धंदा करतात, नफा वाटून घेतात, म्हणजे ती भागीदारी झाली. त्यासाठी कुठे सही करावी लागत नाही. तुम्ही दोघी दोन वर्षांपासून भागीदार आहात, आणि तेही सगळ्यात धोक्याच्या प्रकारातल्या. या साध्या भागीदारीत मैत्रिणीने धंद्यासाठी केलेल्या देण्याला, तिच्या हातून कामात झालेल्या नुकसानीला तुम्हीही संपूर्ण जबाबदार असता, आणि तुमच्याला ती. दोघींपैकी जिच्याकडे वसूल होण्यासारखं जास्त, तिच्या दारात आधी येतात. घर तुमचं आहे. तेव्हा एलएलसी हवीच, आणि ती दोघींच्याही भल्याची आहे.

डेलावेअर, वायोमिंगचा विषय पटकन संपवू. एलएलसीचा पहिला कायदा वायोमिंगने १९७७ मध्ये केला, तोही एका तेल कंपनीला भागीदारीसारखा कर आणि कॉर्पोरेशनसारखं संरक्षण अशा दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या म्हणून. अशा कंपनीला भागीदारीसारखा कर लावता येईल, हे आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने) १९८८ मध्ये मान्य केलं आणि मग बाकीच्या राज्यांनी भराभर तसे कायदे केले. म्हणजे वायोमिंगचं नाव मोठं आहे ते खरं, पण तुमचं काम मिडलसेक्स काउंटीत चालतं. कंपनी डेलावेअरला काढलीत तरी न्यू जर्सीत धंदा करते म्हणून तिची परकी (म्हणजे दुसऱ्या राज्यातली) कंपनी म्हणून इथे नोंदणी करावीच लागेल. म्हणजे इथली फी आणि वार्षिक रिपोर्ट आहेतच, वर डेलावेअरचे दरवर्षी १ जूनपर्यंत भरायचे ३०० डॉलर आणि तिथल्या एजंटची फी. आणि कर? तुमचं उत्पन्न न्यू जर्सीत होतं, तुम्ही न्यू जर्सीत राहता. कर न्यू जर्सीलाच जाणार. बाहेरून मोठी गुंतवणूक आणायची असेल तर डेलावेअरला अर्थ आहे. तुम्हाला नाही.

न्यू जर्सीतली नोंदणी अवघड नाही. राज्याच्या महसूल खात्याच्या वेबसाइटवर आधी नाव मोकळं आहे का बघा, मग सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशन भरा; फी १२५ डॉलर. त्यात रजिस्टर्ड एजंट लिहावा लागतो, म्हणजे कोर्टाचे कागद ज्याच्याकडे येतील तो. न्यू जर्सीतला खरा पत्ता असलेली कोणीही व्यक्ती चालते, तुम्ही स्वतःसुद्धा. पण तो पत्ता सार्वजनिक होतो, एवढं लक्षात ठेवा. घरचा पत्ता जगजाहीर करायचा नसेल तर एजंट पैसे देऊन ठेवता येतो.

त्यानंतर आयआरएसच्या साइटवरून ईआयएन, म्हणजे कंपनीचा कराचा नंबर, घ्या. तो फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज केला तर त्याच बैठकीत नंबर हातात येतो. सर्च केल्यावर वरती दिसणाऱ्या साइट याच कामाचे पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका. आलेलं सीपी ५७५ हे पत्र जपून ठेवा, बँक ते मागते. पुढे साठ दिवसांच्या आत राज्याकडे एनजे-आरईजी भरून कराची नोंदणी करायची. ती करताना सेल्स टॅक्सचा प्रश्न येईल. न्यू जर्सीत वस्तू भाड्याने दिल्या तर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो. तुमच्या बिलात स्टँड-कापडांचं भाडं किती आणि मेहनतीचे पैसे किती, आणि कर नेमका कशावर, हे सीपीएकडून (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाकडून) एकदा स्पष्ट करून घ्या. ग्राहकाकडून घेतलेला सेल्स टॅक्स हा सरकारचा पैसा असतो. तो भरला नाही तर जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिक वसुली होते. तिथे एलएलसी आड येत नाही.

नोंदणी झाली की काही दिवसांत टपालाने सरकारी वाटणारी पत्रं यायला लागतील. कोणी म्हणेल लेबर लॉचे पोस्टर घ्या, कोणी म्हणेल प्रमाणपत्रासाठी अमुक डॉलर पाठवा, शेवटची तारीख लाल अक्षरात. बारीक अक्षरांत तळाशी लिहिलेलं असतं की ही सरकारी संस्था नाही. घाबरून चेक पाठवणारे खूप आहेत. मालकांची माहिती फिनसेनकडे (केंद्रीय अर्थखात्याच्या विभागाकडे) कळवा, नाहीतर दंड, असंही कोणी सांगेल. मार्च २०२५ पासून अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळलं आहे. तुम्हाला खरोखर भरायचाय तो राज्याचा वार्षिक रिपोर्ट, ७५ डॉलर, कंपनी ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या अखेरीस. सलग दोन वर्षं चुकवलात तर नोंदणीच रद्द होऊ शकते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अविश्वासाचा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

दोघींमधल्या कराराला ऑपरेटिंग अॅग्रीमेंट म्हणतात. तो राज्याकडे द्यायचा नसतो, म्हणून बहुतेक जण करतच नाहीत, किंवा कुठूनतरी नमुना उतरवून सही करून टाकतात. न्यू जर्सीच्या कायद्यात हा करार तोंडीसुद्धा चालतो. ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की आज चहा पिता-पिता ‘सामान माझंच आहे, पण आपलं दोघींचंच समज’ असं तुम्ही म्हणालात, तर पाच वर्षांनी तेच वाक्य करार म्हणून पुढे येऊ शकतं, आणि तेव्हा दोघींना ते वेगवेगळं आठवत असेल. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. उलट मैत्रिणीचा हक्क त्यात जास्त पक्का होतो, कारण आज सगळं सामान तुमच्या पैशाचं आणि सगळी रक्कम तुमच्या खात्यात आहे. उद्या काही झालं तर तिच्याकडे दाखवायला काहीही नाही. तिला हे असंच सांगा. तिला पटेल.

त्या कागदावर काय हवं? पहिली गोष्ट तुमचे नऊ हजार. ते कंपनीत तुमचं भांडवल म्हणून टाकताय, की कंपनीला दिलेलं कर्ज आहे, की सामान तुमचंच राहून कंपनी फक्त वापरते? तिन्ही चालतं, पण तिन्हींचा परिणाम वेगळा. कर्ज असेल तर नफा वाटण्याआधी ते फिटेल. भांडवल असेल तर हिस्सा अर्धा-अर्धा ठेवूनही कंपनी बंद होताना तुमचे पैसे आधी परत, असं लिहिता येतं. मैत्रिणीची कला पैशात मोजली जात नाही, तिचे शनिवार-रविवार मात्र मोजता येतात. कोण किती तास देणार, एखादीने महिनाभर काम केलं नाही तर वाटणी कशी, हे आत्ता हसत-खेळत ठरतं. नंतर नाही ठरत.

दुसरं म्हणजे अर्ध्या-अर्ध्या हिश्श्यातली कोंडी. एक म्हणाली व्हॅन घेऊ, दुसरी म्हणाली नको, तर पुढे काय? दोघींचं मत समसमान, निर्णय अडकला. मग लिहून ठेवा: अमुक डॉलरपर्यंतचा खर्च कोणीही करावा, त्यावरचा दोघींच्या संमतीने; आणि नाहीच जमलं तर दोघींना मान्य असलेल्या एका तिसऱ्या माणसाकडे जायचं. नवऱ्यांपैकी कोणी तो तिसरा माणूस नको. त्यात दोन घरांचं वाजतं.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची. कोणाच्या मिस्टरांची बदली टेक्सासला झाली, कोणाला बाळ झालं, कोणी भारतात परतलं, घटस्फोट झाला, कोणाचं बरंवाईट झालं, तर हिस्सा कोणाकडे जाणार आणि किंमत कशी लावणार? शिवाय इन्स्टाग्रामचं पान, व्हॉट्सअॅपवरची ग्राहकांची यादी, धंद्याचं नाव कोणाकडे राहणार? तुमच्या धंद्यात खरी मालमत्ता तीच आहे, कापडं नव्हेत. माझ्या मते एवढ्या एका कलमासाठी वकिलाला दोन तासांचे पैसे द्यावेत.

आणि एक करविषयक वाक्य आठवणीने घाला. एलएलसीच्या नफ्यातला तुमचा वाटा तुम्ही खात्यातून काढला नाहीत तरी त्यावर कर तुम्हालाच भरावा लागतो. समजा दिवाळीआधी दोघींनी ठरवलं की नफा खात्यातच ठेवू, नवीन सामान घेऊ. एप्रिलमध्ये दोघींना स्वतःच्या खिशातून कर भरावा लागेल. म्हणून निदान कराएवढे पैसे दरवर्षी दोघींना कंपनीतून मिळतील, असं लिहून घ्या.

मैत्रिणीचं नाव घालायला हरकत नाही. एच-४ ईएडीवर स्वतःचा व्यवसाय करता येतो. पण ईएडीला मुदत असते. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही, तर त्या काळात तिचा हिस्सा राहू शकतो, काम मात्र करता येत नाही. पैसे न घेता ‘मैत्रीखातर’ केलेलं डेकोरेशनसुद्धा त्यात येऊ शकतं. कोणी सहज म्हणेल, ‘अगं, एवढ्याने काय होतंय.’ ग्रीन कार्डच्या अर्जात अशा गोष्टी अंगाशी येतात. नूतनीकरणाचा अर्ज वेळेआधी करा, मधल्या काळाची वाटणी कशी होईल ते करारात लिहा, आणि तिने स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला हे एकदा विचारावं. तुमच्या नाही, तिच्या.

कंपनी झाली की रोजचं वागणं बदलावं लागतं. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे असं कायदा मानतो, पण तुम्हीच ती वेगळी मानत नसाल तर कोर्टही ते संरक्षण बाजूला सारू शकतं. झेलचे पैसे आता कंपनीच्या खात्यात आले पाहिजेत, मावशींच्या घरच्या कार्यक्रमाचे असले तरी. त्या खात्याच्या कार्डावर घरची किराणा नको. स्वतःला पैसे हवेत तर आधी आपल्या खात्यात काढून घ्यायचे, नोंद करायची, मग खर्च. बिलावर, करारावर, हॉलच्या फॉर्मवर कंपनीचं पूर्ण नाव एलएलसी या शब्दासकट, आणि सहीखाली ‘मेंबर’ (म्हणजे एलएलसीची मालक) असं लिहायचं. नुसती सही केलीत तर तो करार तुम्ही स्वतः केलाय असं म्हणायला वाव राहतो. बँकेने किंवा गोडाऊनवाल्याने पर्सनल गॅरंटी (कंपनीने नाही फेडलं तर मी फेडेन, अशी हमी) मागितली तर सही करण्याआधी थांबा, कारण तेवढ्यापुरती एलएलसी तुम्ही स्वतःच बाजूला सारलेली असते.

‘टॅक्स वाचतो’ याबद्दल स्पष्टच सांगतो: एलएलसी काढल्याने एक डॉलरही कर वाचत नाही. दोन मालकांची एलएलसी भागीदारीसारखं फॉर्म १०६५ भरते, साधारण १५ मार्चपर्यंत, आणि दोघींना के-१, म्हणजे नफ्यातला आपापला वाटा दाखवणारा फॉर्म, देते. तो आकडा तुमच्या घरच्या रिटर्नमध्ये येतो. इन्कम टॅक्सशिवाय १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स असतो; तुमच्या वाट्याला २०,००० डॉलर नफा आला तर हाच कर सुमारे २,८२६ डॉलर होतो. तो एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी असा तिमाही हप्त्यांनी भरत राहा. एस कॉर्पोरेशनची (एलएलसीला कर लावण्याची आणखी एक पद्धत) निवड केली की हा कर कमी होतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. होतो, पण मग दोघींना वाजवी पगार, पे-रोल, वेगळं रिटर्न, सीपीएची जास्त फी, आणि नफा हिश्श्यांच्या प्रमाणातच वाटायचं बंधन. तुमच्या आजच्या उलाढालीला ते परवडणार नाही. नफा चांगला वाढल्यावर बघू.

गेल्या दोन वर्षांचं उत्पन्न दोघींनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलंय का, हे पत्रात नाही. नसेल, किंवा सगळं एकटीच्या नावावर दाखवलं असेल, तर नवीन कंपनी काढायच्या आधी सीपीएकडे जाऊन ते सरळ करून घ्या. स्वतःहून केलेली दुरुस्ती सोपी असते. मैत्रिणीच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ग्रीन कार्डच्या वेळी रिटर्न मागितली जातात.

शनिवारी सामान उचलायला कॉलेजची मुलं येत असतील तर त्यांना रोख पैसे देऊन मोकळं होऊ नका. न्यू जर्सीत कोणाला कॉन्ट्रॅक्टर म्हणायचं याची कसोटी कडक आहे. तुम्ही सांगाल त्या वेळी, तुम्ही सांगाल तसं काम करणारा मुलगा बहुधा कर्मचारीच ठरतो. मग पे-रोल आला आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारा, विमाही. शिडीवरून पडणारा पहिला माणूस तोच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा विमा एजंटला फोन कराल तेव्हा या मुलांबद्दलही त्याच फोनवर विचारा.